व्यायाम : नित्यकर्म की काम्यकर्म?

गृहस्थाश्रमात राहून गीतेचे चिंतन करणाऱ्या पुष्कळांच्या मनात शरीराविषयी एक संकोच असतो. देह नश्वर आहे, आत्मा त्याहून वेगळा आहे, हे रोज वाचावयाचे आणि त्याच देहाच्या जोपासनेसाठी पहाटे उठून चालावयाचे, दंड-बैठका काढावयाच्या, यात त्यांना विसंगती वाटते. देहबुद्धी सोडावयाची असता देहाचे एवढे कौतुक कशाला, असा त्यांचा प्रश्न असतो. दुसराही एक वर्ग आहे. त्याची अडचण अध्यात्माची नसून व्यवहाराची आहे. व्यायाम करणारेही आजारी पडतात, अकाली जातात. आणि जन्मात कधी एक जोर न काढलेले आजोबा नव्वदी गाठतात. मग ही यातायात कशासाठी, असे तो विचारतो.

पहिल्या शंकेचे उत्तर शोधावयास फार लांब जावे लागत नाही. तेराव्या अध्यायात भगवंतांनी शरीराला क्षेत्र म्हटले आहे. शेतकरी आपल्या शेताला ‘मी’ समजत नाही, पण म्हणून त्यात तण माजू देत नाही. तिसऱ्या अध्यायात तर कर्मावाचून शरीराचा निर्वाहसुद्धा साधणार नाही, असे स्पष्ट बजावले आहे. आणखी एक गोष्ट सहसा कोणी ध्यानात घेत नाही. गीतेचा आरंभ शरीराच्या लक्षणांनीच होतो. अर्जुनाची गात्रे शिथिल झाली, तोंडाला कोरड पडली, धनुष्य हातातून गळू लागले, असे पहिला अध्याय सांगतो. अठराव्या अध्यायाच्या अखेरीस तो पुन्हा उभा राहतो. उपदेशाने त्याचा मोह गेला. गांडीव पेलण्याचे बळ मात्र उपदेशाने आलेले नव्हते, ते बाळपणापासूनच्या अभ्यासाचे होते. अभ्यास नसलेल्या हाताला नष्टमोह होऊनही ते धनुष्य उचलता आले नसते.

दुसरी शंका अधिक बिकट आहे, कारण ती अनुभवाचा आधार घेऊन येते. काही वर्षांपूर्वी बंगळुरू शहरात ती घरोघर बोलली गेली. तारीख होती 29 ऑक्टोबर 2021. कन्नड चित्रपटांतील लोकप्रिय नट पुनीत राजकुमार त्या दिवशी हृदयविकाराने निवर्तले. वय अवघे 46. शरीर कमावलेले, नृत्यात आणि साहसदृश्यांत चपळ, नियमाने व्यायाम करणारे म्हणून त्यांची ख्याती होती. त्या दिवशीही सकाळी व्यायाम झाल्यावर छातीत अस्वस्थ वाटू लागले, आणि रुग्णालयात नेऊनही प्राण वाचले नाहीत. कंठीरव क्रीडांगणावर अंत्यदर्शनासाठी जनसागर लोटला. त्यांनी केलेल्या नेत्रदानामुळे चार अंधांना दृष्टी मिळाली, हेही येथे कृतज्ञतेने नमूद केले पाहिजे.

या आघातानंतर शहरात दोन गोष्टी घडल्या. हृदयरोगाच्या रुग्णालयांत तपासणीसाठी रीघ लागली. आणि व्यायामशाळेत जाणाऱ्या अनेकांची पावले अडखळली. ज्याने सर्व काही केले तोच गेला, तर आम्ही कशाला घाम गाळावा, असे तरुण म्हणू लागले आणि त्यांच्या आया त्याला दुजोरा देऊ लागल्या. मराठी घरांतही हा संवाद झाला असेल. कारण शहाजीराजांची जहागीर असलेल्या या शहरात आज पुण्या-नागपुराची, कोल्हापूर-बेळगावची मुले नोकरीसाठी मोठ्या संख्येने राहतात, आणि त्यांच्या प्रकृतीची काळजी इकडे आईबापांना लागलेली असते.

या भीतीला हसून चालणार नाही. पण तिची परीक्षा मात्र केली पाहिजे, आणि तिच्यासाठी लागणारे माप अठराव्या अध्यायात आहे. तेथे त्यागाचे तीन प्रकार सांगितले आहेत. नियत कर्म मोहाने सोडणे हा तामस त्याग. कर्म दुःखद आहे, शरीराला क्लेश होतील, या भीतीने सोडणे हा राजस त्याग. त्याने त्यागाचे फळ मिळत नाही. आणि हे केलेच पाहिजे एवढ्याच भावनेने कर्म करीत राहून त्यातील आसक्ती व फळ सोडणे, हा सात्त्विक त्याग. आळसाने अंथरुणात पडून राहणारा पहिल्या वर्गात बसतो, भयाने व्यायाम टाकणारा दुसऱ्या वर्गात. दोघेही आपापल्या वर्तनाला वैराग्याचे नाव देतात, हे मोठे नवल आहे.

तिसऱ्या वर्गात बसावयाचे तर आधी एक निर्णय झाला पाहिजे. व्यायाम हे काम्यकर्म आहे की नित्यकर्म? काम्यकर्म एखाद्या इच्छेच्या पूर्तीसाठी केले जाते. पुत्रासाठी इष्टी, पावसासाठी अनुष्ठान. इच्छा पुरली की ते संपते, न पुरली तरी मनुष्य कंटाळून ते सोडतो. नित्यकर्म तसे नाही. संध्यावंदनाने आज काय मिळाले, असे कोणी विचारीत नाही. ते केले तर विशेष लाभाचा हिशेब नाही. न केले तर मात्र प्रत्यवाय, म्हणजे दोष आहे, अशी परंपरेची समजूत आहे. व्यायाम आपण आजवर काम्यकर्म म्हणून करीत आलो. पोट कमी व्हावे, लग्नात शोभावे, शंभर वर्षे जगावे, म्हणून तो करावयाचा. म्हणूनच एका नटाचा मृत्यू त्याला उखडून टाकू शकला. तो नित्यकर्मांत गणावा असे आमचे म्हणणे आहे. आणि आश्चर्य असे की, अलीकडील वैद्यकशास्त्राने जे दाखविले आहे, ते याच्याशी फार जुळते.

फळाचाच विचार प्रथम करू. चेन्नईत डॉ. ए. रामचंद्रन व त्यांच्या सहकाऱ्यांनी मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या 531 लोकांवर एक प्रयोग केला आणि 2006 साली तो प्रसिद्ध झाला. काहींना नेहमीचा सल्ला दिला, काहींना आहार आणि व्यायाम यांचे नियम पाळावयास लावले. सुमारे तीन वर्षांत पहिल्या गटातील 100 पैकी 55 जणांना मधुमेह झाला. नियम पाळणाऱ्या गटात हे प्रमाण 39 राहिले. हा लाभ लहान नाही, पण त्या 39 जणांकडे पाहा. त्यांनाही चालावयास सांगितले होते, खाण्यावर संयम ठेवावयास सांगितले होते, तरी रोग आलाच. कोणते 16 जण वाचले, त्यांची नावे कोणालाही सांगता येणार नाहीत. समुदायाचे फळ निश्चित आहे, व्यक्तीचे अनिश्चित. कर्मावर अधिकार आणि फळावर नाही, हा सिद्धान्त एखाद्या दवाखान्याच्या वहीत इतक्या उघडपणे लिहिलेला क्वचितच सापडेल.

हीच गोष्ट लंडनमध्ये 1953 साली दुसऱ्या रीतीने दिसली होती. डॉ. जेरेमी मॉरिस यांनी तेथील दुमजली बसगाड्यांवरील चालक आणि वाहक यांची तुलना केली. चालक दिवसभर बसलेला. वाहक तिकिटे देत रोज शेकडो पायऱ्या चढणारा-उतरणारा. वाहकांत हृदयविकार कमी, आणि झालाच तर सौम्य आढळला. पुढे मॉरिस यांनीच गणवेशांची मापे काढून दाखविले की चालक नोकरीच्या आरंभापासूनच अधिक स्थूल होते, म्हणजे सारे श्रेय पायऱ्यांना देता येत नाही. (स्वतःच्या सिद्धान्ताविरुद्ध जाणारी नोंद स्वतःच शोधून छापणे, हाही निष्कामतेचाच एक प्रकार.) पण त्यानंतरच्या अनेक देशांतील दीर्घ अभ्यासांनी मूळ निष्कर्षाला बळकटीच दिली. व्यायाम करणाऱ्याला हृदयविकार होतच नाही, असे मात्र कोणीही म्हटले नाही. बंगळुरूच्या त्या तरुणांना हे कोणी समजावून सांगावयास हवे होते.

आता प्रत्यवायाकडे वळू. येथे एक शास्त्रीय वाद आहे. नित्यकर्म न करणे हा अभाव आहे. अभावातून दोषासारखी भावरूप वस्तू कशी उत्पन्न होईल, असा आक्षेप श्रीशंकराचार्यांनी गीताभाष्यात घेतला आहे. शास्त्रार्थ पंडितांकडे सोपवून शरीरापुरते बोलावयाचे तर, बसून राहणे हा नुसता अभाव नाही. क्षणभरही कोणी काही न करता राहत नाही, असे तिसरा अध्याय सांगतो. त्याप्रमाणे खुर्चीत आठ तास बसलेला मनुष्यही एक कर्म करीतच असतो. आपले स्नायू काम करताना रक्तातील साखर इन्सुलिनच्या साहाय्यावाचूनही ओढून घेतात, आणि त्यानंतर एक-दोन दिवस इन्सुलिनला अधिक चांगला प्रतिसाद देतात. पुढे तो गुण ओसरतो. म्हणजे रविवारी केलेले चालणे गुरुवारच्या साखरेला पुरत नाही. हे पुण्य साठविता येत नाही.

अमेरिकेत डलास येथे 1966 साली विशीतील पाच निरोगी तरुणांना तीन आठवडे अंथरुणात पडून राहावयास लावले. तेवढ्या अवधीत त्यांच्या शरीराची प्राणवायू वापरण्याची कमाल शक्ती एकचतुर्थांशाहूनही अधिक घटली. तीस वर्षांनी तेच पाच जण पुन्हा तपासले, तेव्हा तीन दशकांच्या वार्धक्याने झालेली घट त्या तीन आठवड्यांच्या निजण्याने झालेल्या घटीपेक्षा कमी भरली. काळाने तीस वर्षांत जे नेले नाही ते आळसाने एकवीस दिवसांत नेले. पण याच प्रयोगाचा उत्तरार्ध अधिक सुखाचा आहे. पन्नाशीतील त्या गृहस्थांनी सहा महिने हळूहळू वाढवीत चालणे, धावणे, सायकल चालविणे असा क्रम ठेवला, आणि तीस वर्षांत गमावलेली ती शक्ती परत मिळविली. या मार्गात आरंभ वाया जात नाही, हे दुसऱ्या अध्यायातील आश्वासन योगाविषयी आहे, शरीराविषयी नाही, याचे भान ठेवूनही त्याची आठवण येते.

बंगळुरूचेच उदाहरण पुढे चालवावयाचे, कारण बसण्याचा धंदा येथे जितका वाढला तितका देशात क्वचितच कोठे वाढला असेल. संगणकापुढे आठ-नऊ तास, आणि येण्याजाण्यात वाहनात आणखी दोन. 2022 साली या शहराच्या मध्यभागात 10 किलोमीटर अंतर मोटारीने कापावयास सरासरी सुमारे 29 मिनिटे लागत असल्याची नोंद झाली. त्याच शहरात हैदरअलीने 1760 साली आरंभिलेला लालबाग आहे, त्यातील तीनशे कोटी वर्षांच्या खडकावर पहाटेपासून चढणारी माणसे आहेत. जुन्या पेठेत कुस्तीच्या गरडी, म्हणजे आपल्याकडच्या तालमी आहेत. शरीरसाधनेची परंपरा या गावाला परकी नाही. 1897 साली जन्मलेले प्रा. के. व्ही. अय्यर यांनी येथेच हर्क्युलिस व्यायामशाळा काढली, सूर्यनमस्कार आणि आधुनिक शरीरसौष्ठव यांचा मेळ घातला, पत्राद्वारे दूरदूरच्या तरुणांना शिक्षण दिले, आणि त्याच हाताने कन्नडमध्ये ‘शांतला’ ही ऐतिहासिक कादंबरी लिहिली. ते 1980 पर्यंत जगले. अय्यर शरीराच्या सौंदर्याचे उघड चाहते होते, आणि त्यात काही वावगे नाही. सौंदर्यासाठी आरंभ करणाऱ्याला आम्ही अडविणार नाही. अडचण पुढे येते. आरसा चाळिशीनंतर दाद देईनासा होतो, आणि ज्याने त्याच्यासाठी व्यायाम केला तो तेव्हाच थांबतो. नेमकी गरज तेथून वाढू लागते. मनगटावरच्या यंत्रात पावले मोजून ती मित्रांना दाखविणाऱ्यांचेही असेच होते. यंत्राची बॅटरी संपली म्हणून फिरावयास गेलो नाही, असे सांगणारेही आढळतात.

याउलट लोकमान्यांचे चरित्र पाहा. टिळकांनी कॉलेजातील पहिले वर्ष तालमीत आणि पोहण्यात घालवून शरीर कमावले व त्यापायी परीक्षेचे ते वर्ष गमावले, हे प्रसिद्ध आहे. पुढे त्यांना मधुमेहाने गाठलेच. व्यायामाचे फळ कोठे गेले, असे येथेही विचारता येईल. परंतु 1908 ते 1914 अशी सहा वर्षे मंडालेच्या तुरुंगात, पथ्याच्या अन्नावर, त्या शरीराने काढली. आणि 1910-11 च्या हिवाळ्यात तेथेच ‘गीतारहस्य’ लिहून झाले. रोग आला, आणि रोगासह कार्यही झाले. कॉलेजच्या तालमीत घुमणाऱ्या त्या विद्यार्थ्याला मंडाले ठाऊक नव्हते.

नित्यकर्म म्हटले की प्रमाणही आले. सहाव्या अध्यायात अति खाणाऱ्याला व मुळीच न खाणाऱ्याला, अति झोपणाऱ्याला व सतत जागणाऱ्याला योग नाही असे सांगून आहार, विहार, श्रम, निद्रा सारे मोजके असावे असा दंडक घातला आहे. आणि सतराव्या अध्यायात दंभाने शरीर पीडणाऱ्या तपाची निंदा केली आहे. गांधीजींसारखा जन्मभर चालणारा पुरुषसुद्धा 1927 साली अतिश्रमाने कोलमडला, आणि त्यांना नंदी टेकडीवर व नंतर बंगळुरूत कित्येक आठवडे विश्रांती घ्यावी लागली. जागतिक आरोग्य संघटनेने 2020 साली प्रौढांसाठी सांगितलेले माप सौम्यच आहे. आठवड्याला 150 ते 300 मिनिटे झपझप चालण्याइतका श्रम, आणि दोन दिवस स्नायूंना बळ देणारा व्यायाम. पासष्टी ओलांडलेल्यांनी त्यात तोल सांभाळण्याचा अभ्यास तीन दिवस मिळवावा. म्हणजे आठवड्यातले पाच दिवस अर्धा तास. चालताना बोलता येईल पण गाता येणार नाही, एवढा वेग पुरे. ज्यांना मधुमेह, रक्तदाब वा घराण्यात हृदयविकार आहे, किंवा ज्यांनी वर्षानुवर्षे काही केलेले नाही, त्यांनी आधी वैद्याला दाखवावे आणि हळूहळू वाढवावे. तापात व्यायाम करू नये. श्रम करताना छातीत दाब, जबड्याकडे वा हाताकडे जाणारी कळ, अकारण घाम, घेरी यांपैकी काही जाणवले तर तेथेच थांबून तत्काळ रुग्णालय गाठावे. नियमभंग होईल म्हणून पुढे रेटणे हा हट्ट होय, त्याला व्रत म्हणू नये.

येथपर्यंत आपण पुरुषाला डोळ्यांपुढे ठेवून बोललो. अशा लेखांत तसेच होते. 2022 सालचा जागतिक अंदाज सांगतो की भारतात पुरेसा शारीरिक श्रम न करणाऱ्या प्रौढांचे प्रमाण जवळजवळ निम्मे आहे. पुरुषांत शंभरी सुमारे 42, स्त्रियांत 57. घरकामात बायकांचा व्यायाम होतोच, असे म्हणून गृहस्थ मोकळा होतो. जुन्या घरात विहीर होती, जाते होते, अंगण होते. आज सदनिकेत ओट्यापाशी तासन्‌तास उभे राहणे आहे, आणि त्याने पाय सुजतात, छाती भरून श्वास घेण्याचा प्रसंग येत नाही. तिला व्यायाम नको असतो असे नाही. सकाळी सहा ते साडेसहा या वेळात चहा, डबे आणि शाळेची गाडी असते, आणि तो अर्धा तास तिच्यासाठी मोकळा करण्याची जबाबदारी कोणाचीच नसते. स्वतः लालबागेत किंवा गावच्या टेकडीवर नियमाने जाणाऱ्या किती जणांनी आठवड्यातून तीन सकाळी डबा स्वतः भरला? नित्यकर्म घरातील एकाने करावयाचे आणि त्याचा खर्च दुसऱ्याने सोसावयाचा, ही व्यवस्था आमच्या मते धर्माला धरून नाही. आणि उपेक्षेचा खर्चही तिच्याकडेच येतो. पक्षाघात झालेल्या नवऱ्याला कुशीवर वळविणारे हात बहुतेक घरांत कोणाचे असतात, हे वाचकांना ठाऊक आहे. देह माझा आहे, त्याचे मी काहीही करीन, हे म्हणणे गृहस्थाला शोभत नाही ते यासाठी.

आणखी एका वर्गाचे स्मरण केले पाहिजे. ज्या रस्त्यांवरून आपण फिरावयास निघतो ते आपल्याआधी कोणीतरी झाडलेले असतात. बंगळुरूत या सफाई कामगारांना पौरकार्मिक म्हणतात आणि त्यांत बहुसंख्य स्त्रिया आहेत. त्यांना व्यायामाचा उपदेश करणे हास्यास्पद होईल. त्यांच्या वाट्याला श्रम पुष्कळ आहे, विश्रांती, निवडीचे स्वातंत्र्य आणि सकस अन्न नाही, आणि या तिन्हींवाचून श्रमाचे आरोग्यात रूपांतर होत नाही. आपण मात्र केर काढण्यास एक बाई, सामान वर आणण्यास एक मुलगा आणि दोन मजले चढावयास उद्वाहक ठेवतो, आणि मग पैसे देऊन एका बंद खोलीत फिरत्या पट्ट्यावर चालतो. शरीरश्रमाला व्रतांत स्थान देणाऱ्या गांधी-विनोबांना हे पाहून काय वाटले असते? व्यायामशाळेचा त्याग करा असे आम्ही म्हणत नाही. परंतु भाजीची पिशवी स्वतः आणणे, जिना चढणे, आपल्या खोलीचा केर आपण काढणे, यांना त्या अर्ध्या तासात जमेस धरावयास वैद्यकशास्त्राची हरकत नाही. आणि सकाळी डबा भरून उशीर झाला म्हणून फिरणे चुकलेल्या गृहस्थाला तेवढा मार्ग त्याच दिवशी मोकळा असतो.